आमची ओपन स्पेस कुणी गिळली

डॉक्टरांनी कृपाच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं, टाके काढले आणि म्हणाले, "आता रोज संध्याकाळी चालायचं. सपाट जमिनीवर. जिना नको, खड्डे नकोत, धक्का तर अजिबात नको." एवढं सांगून त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला. सपाट जमीन कुठल्या मेडिकलमध्ये मिळते, हे मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण पालिकेत माझी अजून कामं आहेत. श्रीरामपूरला संगमनेरच्या बसमध्ये बसलात आणि डोळा लागला नाही, तर वाटेत कुठेतरी आमचं गाव लागतं. आमच्या कॉलनीला एकच रस्ता. त्याच्या उत्तरेला एक घरांची रांग, दक्षिणेला दुसरी. आम्ही दक्षिणेकडचे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर मेन रोड सोडून आमच्या रस्त्यानं जातात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, पुढे गाण्यांचा दणदणाट, आणि बाजूला बाहेर आलेला ऊस. पहिल्याच संध्याकाळी त्या उसानं कृपाचा पदर ओढला. ती काठी टेकत अर्ध्या वाटेतूनच घरी आली.

मग ती जिन्याचं पथ्य मोडून गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती फिरू लागली. काही दिवसांनी मला म्हणाली, "अहो, घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर पट्टी बांधतात. मला तीही नाही."

"मग काय करायचं?"

"मला कुठंतरी सरळ चालत जायचंय," ती म्हणाली. "दर दहा पावलांवर वळायला लागू नये, एवढंच."

बत्तीस वर्षांच्या संसारात कृपानं माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. जे मागितलं त्यातलं बरंचसं मी उद्यावर ढकललं. ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी घाबरलो होतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून या वेळी मात्र मी ताबडतोब म्हणालो, "करतो."

समोरच्या रांगेच्या मागे एक लांबलचक मोकळी जमीन होती. मोकळी म्हणजे मालक नसलेली, बाकी ती गच्च भरलेली होती. वेडी बाभूळ, पिशव्या, फुटके माठ, गाद्या, गणपतीत उरलेला थर्माकोल आणि अधूनमधून एखादी घोणस. कॉलनीत सगळे तिला 'ओपन स्पेस' म्हणत. ले-आउटमध्ये रहिवाशांसाठी काही जागा खुली सोडावी लागते आणि ती पालिकेच्या नावे असते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. ती जागा साफ केली की कृपाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालता येणार होतं.

मी हा विचार कंपाउंडच्या भिंतीवरून गहिनीनाथला सांगितला. गहिनीनाथ आमच्या पश्चिमेचा शेजारी. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला आहे, आणि कोणत्याही विषयावर त्याचं मत तयार असतं.

"बेस हाय की सर!" तो म्हणाला. "लई वर्सं झाली, कुनी हात लावला न्हाई त्या जागंला. तुमी फुडं व्हा. आमी हाय मागं."

तो मागे होता, हे पुढे अक्षरशः खरं ठरलं.

पूर्वेकडचे शेजारी अझीमभाई. बाजारपेठेत त्यांचं गादी-कुशनचं दुकान आहे. ते माप घेतल्याशिवाय बोलत नाहीत. "सर, पहिले नकाशा काढा," ते म्हणाले. "नकाशाबिगर हात लावाल तर फसाल. बोलून ठेवतो."

मी पालिकेत गेलो. नगररचना विभागातल्या माणसानं जुना ले-आउट नकाशा शोधून दिला आणि वर चहाही पाजला. त्याला मी कुठलाही दोष देत नाही. दोष, दिलाच तर, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला देता येईल. नकाशा मोठा होता. त्यानं दोन तुकड्यांत प्रती काढल्या, टेप लावून जोडल्या आणि कडेची पट्टी कात्रीनं कापून टाकली. "मोकळीच बाजू हुती सर, उगं कशाला लोंबकाळत ठिवायची," असं तो म्हणाला. मला त्याचा नीटनेटकेपणा आवडला.

घरी येऊन मी नकाशा टेबलावर पसरला. अझीमभाई आणि गहिनीनाथ दोन बाजूंनी वाकले. मध्ये रस्ता, वर एक रांग, खाली एक रांग, आणि वरच्या रांगेच्या मागे तिरप्या रेघांनी भरलेला लांब पट्टा: 'खुली जागा'.

"हे बघा," मी म्हणालो. "नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर. म्हणजे ही उत्तरेकडची रांग, आणि तिच्यामागे ही आपली जागा."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी आयुष्यभर हायस्कुलात भूगोल शिकवला. नकाशाची वरची बाजू उत्तर, हे मी दर वर्षी जूनमध्ये, छत्र्या वाळत असलेल्या वर्गांना, खडूनं फळ्यावर ठोकून सांगितलं आहे. ते माझ्या तोंडून ऐकल्यावर अझीमभाईंनीही मान डोलावली. भूगोलाचे सरच म्हणतात म्हटल्यावर कोण काय बोलणार?

आता साफसफाई. मी उद्यान विभागात अर्ज दिला. ते म्हणाले, उद्यान झालं की या, तोपर्यंत ती झाडी आहे. आरोग्य विभाग म्हणाला, कचरा आमचा, पण कचऱ्यावर झाड उगवलं की तो उद्यानाचा. बांधकाम विभाग म्हणाला, तिथं काही बांधकाम आहे का? नाही ना? मग आमचा काय संबंध? सगळे अतिशय गोड बोलले. मला एकाही ठिकाणी कुणी 'नाही' म्हटलं नाही, आणि तरी मी हात हलवत परत आलो. हे त्यांना कसं जमतं, हे एकदा शिकून घ्यायचं आहे.

शेवटी मी श्रमदान जाहीर केलं. राळेगणला मी शाळेच्या सहली घेऊन गेलेलो आहे, तिथलं काम मुलांना उभं राहून समजावलेलं आहे, त्यामुळे श्रमदानावर भाषण करण्याचा मला अनुभव होता. श्रमदान करण्याचा नव्हता. रविवारी सकाळी आम्हाला उपासनेला जायचं असतं, म्हणून मी दुपारची वेळ ठेवली. दुपारी ऊन किती असतं ही गोष्टही खरं तर भूगोलातच येते.

माणसं मात्र आली. कोयते आले, फावडी आली, फोटो काढायला मोबाइल आले. गहिनीनाथ एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. खुर्चीचा उपयोग जास्त झाला. तिच्यावर बसून त्यानं बाभूळ कुठून धरावी, कुठून तोडावी आणि तोडणाऱ्याचं कुठं चुकतंय, हे सगळ्यांना सांगितलं. वेड्या बाभळीचा काटा माझ्या सॅंडलमधून वर आला आणि तळपायात मोडला. मी खाली बसलो तर दुसरीकडे काटा गेला, आणि तो कुठे गेला हे सांगणं माझ्या पेशाला शोभत नाही.

"सर, ते जेसीबीचं काम हाय," गहिनीनाथ खुर्चीवरून म्हणाला. हे त्याला सुरुवातीपासून माहीत होतं.

अझीमभाईंच्या ओळखीनं जेसीबी आला. त्यानं बाभळी उपटल्या, कचरा उपसला आणि उत्तरेच्या रांगेची पाण्याची पाइपलाइनही उपसली. कारंजं चांगलं उंच उडालं. त्या रांगेतली माणसं दोन दिवस बादल्या घेऊन आमच्या दारात उभी होती, आणि प्रत्येक बादली भरताना माझ्या सामाजिक कार्याचं कौतुक अशा स्वरात करत होती की ते कौतुक नव्हे हे शेंबड्या पोराला कळावं. कचऱ्याखालून कॉलनीचा सगळा इतिहास वर आला. गहिनीनाथचा जुना कूलर निघाला, अझीमभाईंच्या दुकानातल्या कापसाच्या गाद्या निघाल्या, आणि एक खुर्ची निघाली जी मला ओळखीची वाटली. ती तिथं कशी गेली हे कृपाला विचारायचं मी टाळलं.

पण जमीन मोकळी झाली, आणि ती सुंदर दिसत होती. रोलर फिरवून मध्ये पायवाट केली. कडेला कडुनिंबाची आणि करंजाची रोपं लावली. एक सिमेंटचं बाक ठेवलं. उद्घाटनाला नगरसेवकही यायला तयार झाले. मी भाषण लिहिलं. कृपानं ठेवणीतली साडी नेसली, काठी घरी ठेवली आणि माझा हात धरून आली. नगरसेवकांनी फीत कापली, आणि पायवाटेवर पहिलं पाऊल कृपानं टाकायचं ठरलं होतं, ते तिनं टाकलं. एक, दोन, चार. ती सरळ पुढे बघत होती आणि हसत होती. मी लिहिलेलं भाषण विसरलो.

तेवढ्यात रस्त्यावर एक मोटार थांबली. पन्नाशीच्या एक बाई उतरल्या. गहिनीनाथनं पुढे होऊन त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

"कसला कार्यक्रम आहे?" त्यांनी विचारलं.

"ओपन स्पेसचं उद्घाटन! या, या, बसा ताई."

बाईंनी पेढा खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "छान झालंय. पण ही जागा आमची आहे."

त्यांचं नाव सुकन्याताई. नाशिकला राहतात. जमीन त्यांच्या वडिलांची. सातबारा त्यांच्या पर्समध्ये होता आणि तो इतका स्पष्ट होता की अझीमभाईंनी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघितलं. बाई अजिबात चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. उलट त्यांनी हात जोडले. "बाभूळ काढायला माणूसच मिळत नव्हता हो. तुम्ही सगळ्यांनी केवढे कष्ट घेतलेत!" नगरसेवकांना अचानक दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. जाताना त्यांनी फितीचा तुकडा माझ्या हातात दिला.

पुढच्या आठवड्यात तारेचं कंपाउंड झालं. आत आमची रोपं, आत आमचं बाक. फाटकावर पाटी लागली: 'खाजगी मालमत्ता. आत येऊ नये.' आणि सुकन्याताईंनी आठवणीनं माझ्या घरी पेढ्यांचा डबा पाठवला. तो डबा बरेच दिवस कपाटावर तसाच पडून होता.

कृपा पुन्हा गच्चीवर टाकीभोवती फिरू लागली. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "चार पावलं तर चालले की. बरं वाटलं होतं."

गावात मात्र सगळे बोलत होते. भाजीवाली मला "बागवाले सर" म्हणू लागली. केशकर्तनालयात माझी मान वाकवलेली असताना एकजण दुसऱ्याला सांगत होता की कुणा मास्तरानं दुसऱ्याची जमीन फुकटात साफ करून दिली. मान वाकवलेली असताना माणसाला उत्तरही देता येत नाही. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एक प्रश्न पेटला होता. ही जागा सुकन्याताईंची, मान्य. मग आमची ओपन स्पेस गेली कुठं? नकाशात आहे म्हणजे जमिनीवर असलीच पाहिजे. दिसत नाही म्हणजे कुणीतरी ती गिळली आहे.

अझीमभाईंच्या ओट्यावर आमच्या रांगेची बैठक झाली. मी उभा राहिलो आणि बोललो. सार्वजनिक जागा गिळणारी प्रवृत्ती, तिचे पोशिंदे, तिला उजेडात आणण्याची गरज. मी माझ्या आयुष्यात इतकं चांगलं बोललेलो नाही.

"सोडायचा न्हाई त्याला!" गहिनीनाथ ओरडला. "कोन बी आसू द्या!"

"कुणी भिंत बांधली असेल तर भिंत पाडली पाहिजे," मी म्हणालो. "आणि तो स्वतः पाडत नसेल तर आपण त्याला पाडायला लावू."

टाळ्या पडल्या. सरकारी मोजणीचा अर्ज झाला आणि आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या. गहिनीनाथनं तर पत्नीचीही सही आणली.

मोजणी अधिकारी आले तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे. तरुण माणूस, डोक्यावर टोपी, हातात यंत्र लावलेली काठी. त्यांच्यामागे आमची आख्खी रांग. त्यांनी स्कूटरच्या सीटवर मूळ नकाशा उघडला. कापलेली कडेची पट्टी त्याला शाबूत होती, आणि तिच्यावर उत्तर दाखवणारा बाण होता. तो बाण खाली बघत होता.

मी चष्मा पुसला. बाण खालीच बघत होता.

"जुन्या ले-आउटमध्ये असं असतं," अधिकारी म्हणाले. "कागदावर बसेल तसं काढायचे. नकाशाची वरची बाजू दक्षिण आहे. म्हणजे खुली जागा या रांगेच्या मागे. तुमच्या." त्यांनी आमच्या घरांकडे बोट केलं. "सर, तुम्ही काय शिकवायचात?"

"इतिहास," मी म्हणालो.

माझ्यामागची आख्खी रांग आपापल्या परसाकडे बघू लागली. आमच्या रांगेच्या मागे कालव्याची एक पाटचारी आहे, तिला पाणी येऊन जमाना लोटला. घरं झाली तेव्हा परसात कुंपण नव्हतं, त्यामुळे प्रत्येकानं परस चारीच्या कडेपर्यंत नेऊन भिंत घातली. कुणी न्हाणीघर काढलं, कुणी कोंबड्यांचं खुराडं, कुणी नारळ लावला. माझंही न्हाणीघर तिथंच होतं. कुणाला काही वाटलं नाही, कारण सगळ्यांच्या भिंती एका रेषेत होत्या आणि रेषेत असलेली गोष्ट चुकीची वाटत नाही.

"आता या रांगेतला एखादा मूळ हद्दीचा दगड दाखवा," अधिकारी म्हणाले. "घडीव दगड असतो, वर खूण कोरलेली. तो मिळाला की रेषा पक्की. नाही मिळाला तर मला परत जावं लागेल, मग पुढचं पत्रव्यवहारानं."

पत्रव्यवहार म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. अधिकारी घरोघरी परसात गेले. अझीमभाईंच्या परसात फरशी होती, दगड नव्हता. गहिनीनाथच्या परसात खुराडं होतं, दगड नव्हता. "आमी तर कंदी बगितलाच न्हाई सायेब," तो म्हणाला. मग ते आमच्या परसाकडे वळले.

आमच्या परसात एक दगड आहे. जमिनीत घट्ट रोवलेला, वर गुळगुळीत, आणि मधोमध कोरलेला क्रूस. आम्ही घर घेतलं तेव्हापासून तो आहे. आधी कुणी श्रद्धाळू ख्रिस्ती गवंडी इथं काम करून गेला असेल आणि त्यानं भक्तीनं तो कोरला असेल, असं आम्ही मानत होतो. घराच्या अर्पणविधीला पाळकसाहेबांनी मुद्दाम त्याच्यापाशी उभं राहून प्रार्थना केली. आम्ही कधी त्याच्यावर पाय ठेवला नाही. दर नाताळात कृपा त्याच्यावर मेणबत्ती लावते. शेजारीही मान राखतात. अझीमभाई परसात आले तर बाजूनं जातात, गहिनीनाथ तर हात जोडतो.

तोच गहिनीनाथ आता माझ्या आधी आत घुसला होता. मी परसात पोचलो तेव्हा तो क्रुसापाशी पाठमोरा उभा होता, हात मागे बांधून, आणि त्याच्या पायामागे आमचं सिमेंटचं घमेलं जमिनीवर पालथं पडलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याची नजर म्हणत होती, गप्प राहा. अझीमभाईंची नजर म्हणत होती, बोललो होतो. अधिकाऱ्यांनी परसावर नजर फिरवली. "इथंही नाही वाटतं," ते म्हणाले आणि वळले.

मी गप्प होतो. खोटं कशाला बोलू? सार्वजनिक जागा गिळणाऱ्या प्रवृत्तीवर मी इतकं चांगलं बोललो होतो, आणि आता एका घमेल्यामागे लपलो होतो.

कृपा न्हाणीघराच्या दारात काठी टेकून उभी होती. तिनं घमेलं पाहिलं.

"अहो भाऊ!" ती म्हणाली. "क्रुसावर घमेलं घालता?"

आणि ती हळूहळू आली, वाकली, गुडघ्याला हात लावत घमेलं उचललं, आणि पदरानं दगड पुसला.

अधिकारी परत वळले. ते वाकून बघत राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "ही आमची खूण आहे. चार दिशांची. किती छान सांभाळलात! बाकी सगळ्या कॉलनीत एकही राहिलेला नाही."

त्यांनी यंत्र दगडावर टेकवलं, आणि तासाभरात आमच्या रांगेच्या सगळ्या परसांमधून चुन्याची एक पांढरी रेघ गेली. रेघेच्या पलीकडे माझं न्हाणीघर, गहिनीनाथचं खुराडं, अझीमभाईंच्या अर्ध्या फरश्या, आणि सगळ्यांच्या मागच्या भिंती. कॉलनीची खुली जागा गिळणारा इसम सापडला होता, आणि तो बैठकीत उभा राहून बोललेला मीच होतो.

रांगेतल्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. अझीमभाई रस्त्यात भेटले की दुकानाची किल्ली शोधू लागत. गहिनीनाथ भिंतीवरून दिसायचा बंद झाला. ज्याला रोज सकाळी ऐकून मी वैतागत असे, तो आवाज आला नाही की मला करमेना. तरी प्रत्येकानं कुणाकडून तरी निरोप पाठवलाच. काही करू नका. पालिका येत नाही. आली तर बघू. रेघ पहिल्या पावसात धुऊन जाईल. मी पाळकसाहेबांना क्रुसाबद्दल सांगितलं. ते थोडा वेळ हसले आणि म्हणाले, "खूण कुणाची का असेना, तुम्ही ती जपलीत." मला तेवढ्यानं बरं वाटलं नाही.

काही दिवस गेले. एका संध्याकाळी गच्चीवरून कृपाची काठी ऐकू येत होती. टक, टक, वळण. टक, टक, वळण. मी खाली बसून ऐकत होतो. मग उठलो, गवंड्याला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी माझं न्हाणीघर आणि मागची भिंत पाडली. मला भाषणाची लाज वाटत होती, हे खरं. पण त्या काठीचा आवाज मला अजिबात सहन होत नव्हता, हे त्याहून खरं.

आता चारीच्या कडेनं आमच्या घराच्या रुंदीएवढी सपाट जागा झाली. कृपा तिथं फिरू लागली. अझीमभाईंच्या भिंतीपासून गहिनीनाथच्या भिंतीपर्यंत, आणि परत. भिंतीपाशी पोचली की ती काठीनं भिंतीला टक् करायची आणि वळायची. गच्चीपेक्षा बरं, असं ती म्हणाली. ते माझ्या समाधानासाठी होतं.

पहिली भिंत अझीमभाईंची गेली. त्याचं श्रेय त्यांना नाही, त्यांच्या पत्नीला, शमशादभाभींना आहे. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघत होत्या. एके दिवशी त्या दुकानातून गडी घेऊन आल्या, आणि अझीमभाई "अगं, मोजू तर दे!" म्हणत असतानाच मधली भिंत चारीच्या कडेला खाली बसली. "रोज माझ्या भिंतीपाशी येते आणि माघारी जाते," भाभी मला म्हणाल्या. "बरं दिसतं का, सर? दारात आलेलं माणूस असं परत पाठवायचं?" मग पुढच्या घरानं पाडली, मग त्याच्या पुढच्यानं. शेवटच्या घरानं पाडली ती केवळ मागे राहिलो असं कुणी म्हणू नये म्हणून. पूर्वेकडे वाट मोकळी झाली. पश्चिमेला गहिनीनाथची भिंत उभी होती, आणि तिच्यामागे बाकीच्या सगळ्या.

कृपा पूर्वेला जायची, परत यायची आणि गहिनीनाथच्या भिंतीला टक् करून घरात यायची. मी तिला म्हणालो, तिकडे कशाला जातेस? ती म्हणाली, "सवय लागली."

एका सकाळी घणाचे आवाज आले. मी बाहेर गेलो तर गहिनीनाथ स्वतः भिंत पाडत होता. बनियन घामानं भिजलेलं, आणि खुर्ची कुठं दिसत नव्हती. बाजूला त्याची पत्नी भागूबाई कोंबड्या टोपलीखाली कोंडत होती.

"आवं सर, रोजच्याला टक् करून जात्यात वैनी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आन् ही बया टक् झालं की च्याचं आधन ठिवती. म्हनती, पावनं आलं. पावनं तर माघारी फिरत्यात! रोजच्याला दोन कप च्या मला एकट्याला प्यावा लागतो. डागदरनं साखर बंद केलीया माझी."

मी घण घेतला. तो मला जड झाला. त्यानं तो माझ्याकडून परत घेतला आणि कुठून मारायचं हे मला समजावून सांगितलं. ते ऐकताना मला फार बरं वाटलं.

त्या आठवड्यात पश्चिमेकडच्याही भिंती गेल्या. पालिकेनं अजून काही केलेलं नाही. उद्यान विभागाला मी परत अर्ज दिला आहे. ते म्हणतात, आता उद्यान दिसतंय, तर बघू. क्रुसाचा दगड वाटेच्या कडेला आहे तिथंच आहे. कृपाला मी एकदा विचारलं की ते घमेलं तू सहज उचललंस की मुद्दाम? ती म्हणाली, "क्रुसावर घमेलं कोण राहू देईल?" आणि भाजी निवडत राहिली. ती खाली बघून हसली की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वाट पूर्ण मोकळी झाली त्या संध्याकाळी कृपा एकटीच निघाली. मी क्रुसापाशी उभा राहून बघत होतो. ती भागूबाईच्या परसातून पुढे गेली, तिच्या पुढच्या घरामागून गेली, आणि दिसेनाशी झाली. मी वाट बघितली. दिवेलागण झाली. मला काळजी वाटू लागली. शेवटी ती आली, कपाळावर घाम, हातात कुणी दिलेली कढीपत्त्याची जुडी आणि वाटीत झाकलेलं काहीतरी.

"एवढा वेळ?" मी म्हणालो. "सरळ गेलीस ना?"

"सरळच गेले," ती म्हणाली. "भिंत एकही लागली नाही." मग ती ओट्यावर बसली आणि गुडघा चोळत म्हणाली, "पण प्रत्येक दारात वळावं लागलं."